तारीख निकालाची की कागदाची?

वाचकाचे पत्र

आदरणीय सर,

जिल्हा परिषदेच्या कनिष्ठ सहायक पदाची परीक्षा मी उत्तीर्ण झाले. तात्पुरत्या निवड यादीत माझे नाव चौदावे होते. कागदपत्र पडताळणीच्या दिवशी माझे मराठी टंकलेखनाचे प्रमाणपत्र पाहून तिथल्या साहेबांनी "तारीख नंतरची आहे" एवढेच सांगितले, आणि चार दिवसांनी लागलेल्या यादीत माझ्या नावापुढे "अपात्र" असे आले. अर्जाची शेवटची तारीख 25 होती. मी 24 ला रात्री अर्ज भरला. माझ्या आठवणीप्रमाणे टंकलेखनाचा निकाल 21 ला ऑनलाइन लागला होता, म्हणून अर्जात टंकलेखनाच्या प्रश्नाला मी "होय" म्हटले. प्रमाणपत्र मात्र संस्थेतून दोन महिन्यांनी हातात आले आणि त्यावर पुढच्या महिन्याची 12 तारीख आहे. माझ्याच बॅचची मैत्रीण म्हणते, निकाल 21 ला नाही, 27 ला लागला. तेवढ्यासाठी तिने अर्जच भरला नव्हता. त्यावरून आमचे बोलणे बंद झाले आहे.

माझ्यापेक्षा सहा क्रमांक खाली असलेल्या मुलाचे प्रमाणपत्र माझ्याही नंतरचे आहे असे कळते. त्याला नेमणूक मिळाली. मी तर पदवीधर आहे, या पदाला पदवी लागतही नाही. मामा म्हणतात, जुन्या तारखेचे प्रमाणपत्र करून देणारी माणसे असतात. कोणी म्हणते मॅटमध्ये, म्हणजे प्रशासकीय न्यायाधिकरणात जा. वडील म्हणतात, कोर्टाच्या नादाला लागू नकोस. मी काय करू?

— एक वाचक भगिनी

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रात 21, 27 आणि 12 अशा तीन तारखा आहेत. पडताळणीच्या टेबलावर त्यातली फक्त 12 वाचली गेली. माझ्या मते तुमच्या प्रकरणाचा निवाडा 21 आणि 27 या दोघींत आहे आणि 12 चा त्याच्याशी फारसा संबंध नाही. तुमचे आणि मैत्रिणीचे ज्या गोष्टीवरून बिनसले, नेमका तोच तुमच्या खटल्याचा मुद्दा आहे.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. वकिलीची सनद घेण्याआधी मी 16 वर्षे एका स्थानिक स्वराज्य संस्थेच्या आस्थापना शाखेत होतो आणि छाननीच्या टेबलावर कितीतरी भरत्यांत बसलो आहे. तिथे काम कसे चालते ते सांगतो, म्हणजे तुमच्या नावापुढे तो शब्द कसा आला असेल ते कळेल. समोर छाननी तक्ता असतो. एका उमेदवाराला एक ओळ. जन्मतारीख, प्रवर्ग, शैक्षणिक अर्हता, टंकलेखन, संगणक, आणि शेवटी शेरा. बाहेर व्हरांड्यात दीडशे मुले-मुली प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये कागद घेऊन उभी असतात आणि संध्याकाळपर्यंत तक्ता पूर्ण करून साहेबांच्या सहीला ठेवायचा असतो. टंकलेखनाच्या रकान्यात तारीख लिहायची असते. हात आपोआप प्रमाणपत्राच्या तळाशी जातो, कारण तिथे शिक्का आणि सही असते. ती तारीख शेवटच्या तारखेच्या पुढची दिसली की शेरा तयार: "अर्हता विहित दिनांकानंतरची, सबब अपात्र."

असाच शेरा एकदा मी एका मुलाच्या ओळीत लिहिला. सहा-सात महिन्यांनी ती नस्ती (फाईल) अभिलेख कक्षात पाठवताना पिना काढत होतो, तेव्हा प्रमाणपत्राच्या मागे टाचणीने लावलेला एक छोटा कागद दिसला. निकालपत्रक. त्यावरची तारीख शेवटच्या तारखेच्या 9 दिवस आधीची होती. त्या मुलाने कागद दिलेला होता, मी पान उलटले नव्हते. तोवर सगळ्या जागा भरून यादी संपली होती. त्याने तक्रार केली नाही, कारण साहेबांनी अपात्र म्हटले म्हणजे आपण अपात्रच, असे त्याला वाटले असणार. त्या मुलाची आठवण झाल्याशिवाय माझ्याकडे आलेले असे एकही पत्र मला वाचता येत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्यांदा तुमच्या विरुद्ध जाणारा कायदा सांगतो. अर्ज स्वीकारण्याच्या अंतिम दिनांकाला उमेदवाराकडे अर्हता असली पाहिजे, हा आपल्याकडे पक्का झालेला नियम आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये अशोक कुमार शर्मा विरुद्ध चंदर शेखर या प्रकरणात तो ठामपणे मांडला. जम्मू-काश्मीरमधल्या कनिष्ठ अभियंत्यांची ती भरती होती. काही उमेदवारांचा पदवीचा निकाल अंतिम तारखेनंतर, पण मुलाखतीच्या आधी लागला होता. आधीच्या निकालात बहुमताने त्यांना सवलत मिळाली होती. 1997 मध्ये न्यायालयाने ते मत चुकीचे ठरवले. कारण सरळ आहे. अंतिम तारखेला अर्हता नाही म्हणून ज्यांनी अर्ज भरलाच नाही, त्यांच्यावर तो अन्याय होतो. जाहिरातीने एक तारीख दिली की ती सगळ्यांना सारखीच.

आता तुमच्या बाजूचा कायदा. अर्हता मिळणे ही एक गोष्ट आहे आणि तिचा पुरावा हातात येणे ही दुसरी. चार्ल्स स्कारिया प्रकरणात 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा फरक फार स्पष्टपणे सांगितला. केरळमधल्या वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशाचे ते प्रकरण होते आणि पदविकाधारकांना जादा गुण द्यायचे होते. पदविका वेळेत मिळालेली असली पाहिजे, यावर न्यायालय ठाम राहिले. पण ती मिळाल्याचा कागद थोडा उशिरा आला म्हणून मिळालेली पदविका नाहीशी होत नाही, असे न्यायालय म्हणाले. 2005 मध्ये डॉली छंदा प्रकरणात, ओडिशातल्या एका मुलीच्या प्रवेशाबाबत, पुन्हा तीच दिशा दिली गेली. ही दोन्ही प्रकरणे प्रवेशाची आहेत हे खरे, पण तिथला विचार नोकरभरतीच्या वादांतही मांडला जातो.

टंकलेखनाच्या बाबतीत हा फरक रोजचाच आहे. मराठी 30 शब्द प्रति मिनिट किंवा इंग्रजी 40 शब्द प्रति मिनिटची शासकीय परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. निकाल आधी ऑनलाइन लागतो. छापील प्रमाणपत्र नंतर संस्थेमार्फत येते आणि त्यात आठवडे जातात. तुमच्या बोटांना मिनिटाला 30 शब्द येतात की नाही याचा निर्णय परिषदेने निकाल जाहीर केला त्या दिवशी झाला. 12 तारखेला फक्त तो निर्णय छापला गेला. निकाल 21 ला लागला असेल तर 25 ला तुम्ही अर्हता धारण करत होता, असे मी कोणत्याही न्यायालयासमोर उभे राहून सांगेन.

आणि निकाल 27 ला लागला असेल तर? तर मैत्रीण बरोबर आहे आणि जिल्हा परिषदही बरोबर आहे. 24 ला रात्री तुम्ही "होय" निवडले ते खरे नव्हते, असा त्याचा अर्थ होईल. तुम्ही ते मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. पण त्या परिस्थितीत याचिका करू नका असेच मी सांगेन.

तेव्हा आठवणीवर काही ठेवायचे नाही. परीक्षा परिषदेला माहिती अधिकाराचा अर्ज करा. महाराष्ट्रात अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयावर असावा असा नियम आहे, शुल्क 10 रुपये. तुम्हाला तर दोनच ओळी लागतील: अमुक सत्रातील मराठी 30 श.प्र.मि. परीक्षेचा निकाल कोणत्या दिनांकास जाहीर झाला, आणि त्याबाबतच्या प्रसिद्धिपत्रकाची किंवा आदेशाची प्रमाणित प्रत मिळावी. उत्तराला कायद्याने 30 दिवस आहेत. तुमच्याकडे तेवढा वेळ नसेल, म्हणून त्याच दिवशी परिषदेला साधे विनंतीपत्रही द्या, त्यात बैठक क्रमांक लिहा आणि निकालाच्या तारखेचे पत्र मागा. जमल्यास पुण्याला स्वतः जा. टंकलेखन संस्थेच्या सरांनी त्या दिवशी ग्रुपवर निकाल टाकला असेल तर तो संदेश पुसू नका, फोन बदलू नका. त्या संदेशाने खटला जिंकता येणार नाही, पण परिषदेचे पत्र येईपर्यंत तुमचे तुम्हाला तरी कळेल की आपण कुठे उभ्या आहोत.

दोन कागद घरबसल्या पाहता येतील, ते आजच पाहा. एक, तुमच्या ऑनलाइन अर्जाची छापील प्रत. त्यात प्रश्न नेमका काय होता? "टंकलेखन परीक्षा उत्तीर्ण आहात काय" असा असेल तर तुमचे "होय" टिकते. "प्रमाणपत्र आहे काय, असल्यास क्रमांक व दिनांक" असा असेल आणि तुम्ही तिथे काहीतरी भरले असेल, तर काय भरले ते मला कळायला हवे. दुसरा कागद म्हणजे मूळ जाहिरात, सगळी, शेवटच्या पानावरच्या सर्वसाधारण सूचनांसह. मुले पदसंख्या आणि वयोमर्यादा वाचतात आणि सूचना सोडून देतात, वाद मात्र नेमका त्या सूचनांत असतो. "अंतिम दिनांकास अर्हता धारण करणे आवश्यक" आणि "अंतिम दिनांकापर्यंतचे प्रमाणपत्र आवश्यक" ही दोन वाक्ये सारखी दिसतात, पण पहिल्यात तुमची बाजू भक्कम आहे आणि दुसऱ्यात तुम्हाला झगडावे लागेल. कागदच ठरावीक तारखेपर्यंतचा हवा असे नियमातच लिहिलेले असते तेव्हा न्यायालये फार ताणत नाहीत. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत आर्थिक दुर्बल घटकाच्या प्रमाणपत्राबाबत 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशीच कडक भूमिका घेतली.

जाहिरातीसोबत निघालेली शुद्धिपत्रकेही शोधा. अर्जाला मुदतवाढ मिळाली होती का? सर्व्हर बंद पडला, सुट्ट्या आल्या, म्हणून मुदत वाढवली जाते आणि नंतर ती सगळ्यांच्या विस्मरणात जाते. मुदत वाढली असेल आणि अर्हतेची तारीखही त्यासोबत पुढे गेली असेल, तर 27 सुद्धा तुमच्या बाजूची ठरू शकते. मुदत फक्त अर्ज भरण्यापुरती वाढवली, अर्हतेची तारीख जुनीच ठेवली, असेही शुद्धिपत्रकात असू शकते. शब्द वाचल्याशिवाय सांगता येणार नाही. उलट, अर्ज घेऊन झाल्यावर एखाद्या शुद्धिपत्रकाने प्रमाणपत्राच्या तारखेची नवीन अट घातली असेल तर तो वेगळाच मुद्दा आहे. भरती सुरू झाल्यावर, नियमांत तशी मुभा नसेल तर, निवडीच्या अटी मध्येच बदलता येत नाहीत, हे तेज प्रकाश पाठक प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये पुन्हा सांगितले आहे.

आता जिल्हा परिषदेकडे काय करायचे. "तारीख नंतरची आहे" हे तोंडी वाक्य आणि यादीतला एक शब्द, यावर थांबू नका. उपमुख्य कार्यकारी अधिकारी, सामान्य प्रशासन विभाग, यांच्या नावे हरकत द्या, प्रत जिल्हा निवड समितीला. यादीखाली हरकतीची मुदत दिलेली असते, ती चुकवू नका. अर्जात रागाचे एकही वाक्य नको. माझा निकाल अमुक तारखेचा, सोबत पुरावा, परीक्षा परिषदेचे पत्र मागवले आहे, तोपर्यंत माझी जागा भरू नये, आणि मला अपात्र ठरवण्याचे कारण लेखी द्यावे. बस. आवक शाखेत अर्ज देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्या. आवकच्या खिडकीतला माणूस "ठेवून जा, पोच नंतर मिळेल" म्हणाला तर तिथेच उभ्या राहा. ते घेतलेच नाही तर स्पीड पोस्टने पाठवा.

लेखी कारणाचा एवढा आग्रह का धरतो ते सांगतो. मोहिंदर सिंग गिल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये सांगितले की, अधिकाऱ्याचा आदेश त्यात लिहिलेल्या कारणांवरच तपासला जाईल, न्यायालयात आल्यावर शपथपत्रातून नवी कारणे जोडता येणार नाहीत. म्हणजे जिल्हा परिषदेने आज "प्रमाणपत्राचा दिनांक नंतरचा" एवढेच कारण लिहून दिले, तर उद्या ती अर्जातली दुसरी एखादी त्रुटी काढून आदेश वाचवू शकणार नाही. शिवाय कारण लिहायला बसल्यावर कधी कधी त्या अधिकाऱ्यालाच निकालपत्रक दिसते. माझ्या टेबलावर कोणी तसे लिहायला लावले असते तर त्या मुलाची नस्ती अभिलेख कक्षात गेली नसती.

तुमच्या खालच्या क्रमांकाच्या मुलाविषयी. त्याचे प्रमाणपत्र नंतरचे आहे असे "कळते", असे तुम्ही लिहिले आहे. त्याचा निकाल कधी लागला ते तुम्हाला ठाऊक नाही. कदाचित त्याने निकालपत्रक वर ठेवले असेल आणि तुम्ही प्रमाणपत्र, एवढाच फरक असेल. तसे असेल तर तो तुमचा प्रतिस्पर्धी नाही, तुमच्या मुद्द्याचा सगळ्यात चांगला पुरावा आहे. एकाच भरतीत, एकाच समितीने, एकाचा निकालाचा दिनांक धरला आणि दुसऱ्याचा प्रमाणपत्राचा, हे समानतेच्या विरुद्ध आहे आणि संविधानाची कलमे 14 व 16 तुमच्या मदतीला येतात. पण त्याचा निकालही खरोखरच नंतरचा असेल आणि तुमचाही, तर "त्याला घेतले म्हणून मलाही घ्या" हे चालत नाही. एकाच्या बाबतीत झालेली बेकायदा गोष्ट दुसऱ्याच्या बाबतीत पुन्हा करायला न्यायालय सांगत नाही, हे 1995 च्या चंदीगड प्रशासन विरुद्ध जगजित सिंग या निकालापासून सतत सांगितले गेले आहे. त्याच्या नेमणुकीला आव्हान द्यायचे असेल तर त्याला प्रतिवादी करावे लागेल. त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय त्याची नोकरी कोणी काढू शकत नाही आणि काढूही नये.

पदवीचा मुद्दा सोडून द्या. टंकलेखन हे वेगळे कौशल्य आहे, बी.ए. किंवा बी.कॉम. त्याची भरपाई करत नाही. पदाला काय अर्हता हवी ते नेमणारी संस्था ठरवते, न्यायालय जाहिरात नव्याने लिहीत नाही, हे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्याच एका प्रकरणात 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. जास्त शिक्षण कधी कधी आडवेही येते. 2020 मध्ये पंजाब नॅशनल बँकेच्या शिपाईपदाच्या प्रकरणात, पदवीधर नसावा अशी अट असताना पदवी लपवणाऱ्या उमेदवाराला न्यायालयाने नोकरी दिली नाही. तुम्ही पदवी लपवलेली नाही, चांगले केलेत, पण याचिकेत ती मिरवूही नका.

मामांना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा की त्यांच्या त्या एका सूचनेने भाची तुरुंगात जाऊ शकते. नेमणुकीनंतर प्रमाणपत्रे परीक्षा परिषदेकडे सत्यता पडताळणीला जातात. जुन्या तारखेचा कागद तिथल्या नोंदीशी जुळत नाही आणि मग फौजदारी गुन्हा दाखल होतो. शिक्षक पात्रता परीक्षेच्या 2019-20 च्या गैरव्यवहारात साडेसात हजारांहून जास्त उमेदवारांवर परीक्षा परिषदेने कारवाई केली, हे आपण सगळ्यांनी वर्तमानपत्रांत वाचले आहे. वर्षे उलटली म्हणून असे कागद खपून जात नाहीत. जातीच्या खोट्या दाव्यावर मिळवलेली नोकरी कितीही वर्षे झाली तरी टिकत नाही, असा निकाल 2017 मध्ये महाराष्ट्रातल्याच प्रकरणांत लागला. आणि तुमच्या बाबतीत तर याहून वाईट होईल. निकाल 21 चा असेल तर तुमच्याकडे खरा, सरळ हक्क आहे. एक खोटा कागद त्या नस्तीत शिरला की तो खरा हक्कही संपला. ज्या माणसाने हे करून देतो म्हटले असेल, त्याला तुमच्या मूळ प्रमाणपत्राची छायाप्रतसुद्धा देऊ नका.

मॅट म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी आहे. जिल्हा परिषदेचा कर्मचारी त्यात येत नाही, म्हणून जिल्हा परिषदेच्या भरतीचा वाद संविधानाच्या कलम 226 खाली उच्च न्यायालयात जातो. तुमचा जिल्हा ज्या खंडपीठाखाली येतो तिथे, म्हणजे मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर किंवा ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूर. हे मुद्दाम सांगतो, कारण चुकीच्या ठिकाणी अर्ज करून तीन-चार महिने घालवलेले लोक मी पाहिले आहेत, आणि तोवर नेमणुकांचे आदेश निघालेले असतात. याचिकेला कायद्याने ठरलेली मुदत नाही, पण उशीर केला तर न्यायालय विचारते की इतके दिवस काय करत होता. परीक्षा परिषदेचे पत्र हातात आले आणि हरकत फेटाळली गेली, की आठ-दहा दिवसांत याचिका दाखल झाली पाहिजे. पहिली मागणी अंतिम निकालाची नसते, निकाल लागेपर्यंत एक जागा रिकामी ठेवा, ही असते. ती मिळाली तर निम्मे काम झाले. ती न मागता दोन वर्षांनी जिंकलात आणि जागाच उरली नसेल, तर त्या जिंकण्याचे करायचे काय?

वडिलांची भीती खर्चाची असेल. महिलेला मोफत कायदेशीर साहाय्य मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 मध्ये तशी स्पष्ट तरतूद आहे. उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करा, तिथून वकील मिळतो. तिथले वकील मन लावून काम करत नाहीत, असे लोक म्हणतात. माझा अनुभव तसा नाही. कागद नीट लावून दिले, तारखांचा एक पानाचा तक्ता करून दिला, तर कोणताही वकील तुमचे म्हणणे दहा मिनिटांत न्यायाधीशांपर्यंत पोचवू शकतो. तो तक्ता आजपासूनच करायला घ्या. निकाल, अर्ज, अंतिम दिनांक, प्रमाणपत्र, पडताळणी, यादी, हरकत. प्रत्येकासमोर तारीख आणि पुराव्याचा पान क्रमांक.

एक अडचण अजून आहे. वकील तुम्हाला सुचवेल की टंकलेखनाची अटच अवाजवी आहे, संगणक अर्हतेला कित्येक जाहिरातींत नेमणुकीनंतर दोन वर्षांची मुदत देतात तर टंकलेखनाला का नाही, असेही म्हणून पाहू. त्याला नको म्हणा. ती अट वाचून, मान्य करून तुम्ही परीक्षेला बसलात. नापसंत निकाल लागल्यावर अटीवर बोट ठेवले की न्यायालयाला ते आवडत नाही, आणि तुमचा स्वच्छ एक मुद्दा चार मुद्द्यांच्या गर्दीत हरवतो.

आता तुमच्या मैत्रिणीबद्दल. तिचा उल्लेख तुम्ही जाता जाता केला आहे, पण मी पत्र दुसऱ्यांदा वाचले ते तिच्यासाठी. सर्वोच्च न्यायालयाने 1990 मध्ये, विजयनगरमच्या एका निवासी शाळेतल्या शिक्षिकेच्या नेमणुकीच्या प्रकरणात, एक फार महत्त्वाची गोष्ट सांगितली. जाहिरातीत एक अर्हता लिहायची आणि ती नसलेल्याला नेमायचे, हा फक्त नेमणारा आणि नेमला गेलेला यांच्यातला मामला नाही. ज्यांच्याकडे तेवढीच किंवा त्याहून चांगली अर्हता होती, पण जाहिरात वाचून आपण बसत नाही म्हणून जे घरी राहिले, त्या सगळ्यांवर तो अन्याय आहे. अशी माणसे कधी न्यायालयात येत नाहीत. त्यांचा अर्जच नसतो, मग त्यांची नस्ती कुठून असणार? छाननीच्या टेबलावर असताना ही माणसे मला कधी दिसली नाहीत, आणि तुमच्या प्रकरणात त्यांपैकी एक तुमच्या शेजारच्या संगणकावर बसून टाइप करत होती.

निकाल 27 चा निघाला तर ती मुलगी प्रामाणिकपणे थांबली आणि तुम्ही घाईने पुढे गेलात. मग त्या जागेवर तुमचा हक्क सांगताना तिचा हक्क आपोआप डावलला जातो. निकाल 21 चा निघाला तर चुकीच्या माहितीवर तिची संधी गेली, त्यात तुमचा काही दोष नाही, पण तिला ते कळायला हवे, कारण पुढच्या भरतीत ती पुन्हा अशीच थांबेल. दोन्ही बाजूंनी परिषदेचे ते पत्र तुमच्याइतकेच तिचेही आहे. माहिती अधिकाराचा अर्ज दोघींनी मिळून लिहा, असे मी सुचवतो. बोलणे बंद असेल तर अर्जाच्या निमित्ताने सुरू करा. तिला बैठक क्रमांक विचारा, तिला तिचा स्क्रीनशॉट शोधायला सांगा. 27 हा आकडा तिने कुठून आणला, तिला कोणी सांगितला, ते नीट ऐकून घ्या. कदाचित पहिल्यांदा इंग्रजीचा निकाल लागला असेल आणि नंतर मराठीचा. कदाचित तुम्ही दोघी वेगवेगळ्या दिवसांच्या वेगवेगळ्या निकालांबद्दल भांडत असाल.

पत्र आले की तारीख कळवा. 21 असेल तर अर्जाची प्रत, जाहिरात, सगळी शुद्धिपत्रके आणि तो तारखांचा तक्ता सोबत पाठवा, याचिकेचा मसुदा तुमच्या वकिलाने केला तर मी वाचून देईन. 27 असेल तरी कळवा. आणि दरम्यान ज्या जाहिराती निघतील त्यांचे अर्ज दोघींनी भरत राहा, आता तर टंकलेखनाचे प्रमाणपत्र दोघींकडे आहे.